बॉनेटखालचं जपान



इंदूरच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की त्या ठरलेल्या वाटेनं जातात. होळकर, राजवाडा, महाराष्ट्र साहित्य सभा, सानंदची नाटकं, गणपतीतले कार्यक्रम, सकाळचे पोहे-जिलबी. सगळं खरं आणि सगळं आपलं. आज मात्र जरा वेगळं लिहितो. विषय आहे गाड्यांचा, तोही जपानी गाड्यांचा. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

हल्ली रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरकडे किंवा छप्पन दुकानच्या आसपास गेलात तर काही पोरं हमखास दिसतील. कोणाकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होंडा सिटी, कोणाकडे सिव्हिक, कोणाकडे मित्सुबिशी लान्सर, तर कोणी आजोबांची बलेनो घासूनपुसून आणलेली. रस्त्यात समोरून तशीच गाडी आली की हेडलाइटची एक उघडझाप होते आणि काचेतून हात वर जातो. पलीकडूनही तसंच उत्तर येतं. नाव माहीत नाही, मोहल्ला माहीत नाही, तरी दोघं हसतात. एमपी ०९ नंबरची अमुक रंगाची गाडी आज पलासियाला दिसली, काल गीता भवन चौराह्यावर होती, अशी नोंद त्यांच्या डोक्यात पक्की असते. घरची मोठी माणसं म्हणतात, "काय हे खूळ! पेट्रोल काय फुकट येतं?"

माझं म्हणणं एवढंच, की हे खूळ इंदूरला नवीन नाही. चांगलं चाळीस वर्षांचं आहे. आणि त्याच्या मुळाशी आपल्याच घरांतली माणसं आहेत. ती कोणी फारशी मोजत नाही, म्हणून हा लेख.

त्याआधी थोडं मागे जाऊ. इंदूर आणि वेगवान गाडी म्हटलं की पहिलं नाव येतं यशवंतराव होळकर दुसरे यांचं. १९२६ मध्ये ते गादीवर आले, १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला, हे आपल्याला माहीत असतं. पण त्यांच्यासाठी बनलेली ड्यूसेनबर्ग जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत आजही 'इंदूरच्या महाराजांची' म्हणून ओळखली जाते, हे कित्येकांना माहीत नसतं. यंत्र अमेरिकेचं, त्यावर हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. कंपनी या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगत असे. साल १९३०च्या दशकातलं, हे लक्षात घ्या.

पण राजाच्या गाडीचं दर्शन घ्यायचं असतं. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हात जोडायचे, गाडी गेली की घरी येऊन सांगायचं. 'तुमची तीच आमची' म्हणून हात हलवायचा प्रश्नच नव्हता. एकमेकांना ओळख द्यायला थोडी बरोबरी लागते, आणि ती यायला पुढं पन्नास वर्षं जावी लागली.

मधल्या काळात देशात मुख्यतः अँबेसिडर आणि फिएट या दोनच गाड्या होत्या. नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट बघा. डॉक्टरांकडे फिएट, साहेबांकडे आणि टॅक्सीवाल्याकडे अँबेसिडर. सगळ्यांकडे तेच, म्हणून कोणी कोणाला हात केला नाही.

बदल झाला तो १९८०च्या दशकात, आणि तो जपानकडून आला. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली. तिच्यामागं सुझुकी होती. पाठोपाठ १०० सीसीच्या मोटारसायकली आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. ज्यांनी तेव्हा आरएक्स चालवली त्यांना अजून तिचा आवाज स्वप्नात येत असेल. ९८ सीसी, जवळजवळ ११ अश्वशक्ती, आणि वजन असं की सोळा वर्षांचा पोरगा एका हाती स्टँडवर घेई. लांबून आवाज आला की गल्लीतला दुसरा आरएक्सवाला घराबाहेर येऊन उभा राहायचा. बघायला नाही, आपल्या गाडीशी मनात ताडून पाहायला.

मोटारींचं मात्र गंमतीदार होतं. मारुती सोडली तर जपान उघड दिसतच नव्हता. तो बॉनेटखाली लपलेला असायचा. प्रीमियर ११८ एनई घ्या. १९८५च्या सुमाराची, बॉडी इटलीच्या फिएट १२४ च्या वळणाची. पण 'एनई' म्हणजे काय? निस्सान इंजिन! ही दोन अक्षरं ज्याला उमगली तो पोरांमध्ये शहाणा. पुढं १९९०च्या दशकात अँबेसिडरवर '१८०० आयएसझेड' अशी पट्टी आली. दिसायला तीच आजोबांची अँबेसिडर, पण आत इसुझु. आणि सगळ्यांत रुबाबदार म्हणजे काँटेसा. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, १९८४ मध्ये आली तेव्हा आत अँबेसिडरचंच १५०० सीसीचं जुनं इंजिन. एवढी लांबरुंद गाडी आणि चढावर धाप लागायची. मग दशकाच्या उत्तरार्धात तिला इसुझुचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. ताकद ८५-८८ अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे जुन्या इंजिनाच्या दीडपटीहून जास्त. त्या काळात आपल्याकडे बनणाऱ्या मोटारींत हा आकडा म्हणजे चैन होती.

हे इंजिनही साधं घराणं नव्हे. इसुझु आज आपल्याला पिकअप आणि ट्रकमुळे माहीत आहे, पण एकेकाळी ही कंपनी देखण्या मोटारी करत असे. इटलीच्या जुजारोंनी आखलेली ११७ कूपे ही तिची गाजलेली गाडी, १९६८ ते १९८१ पर्यंत बनली. तिच्यातलं १८१७ सीसीचं इंजिन आणि काँटेसाचं १८१७ सीसीचं इंजिन एकाच कुळातले. म्हणजे टोकियोच्या रस्त्यावर ज्या कुळाचा आवाज घुमला, तोच पुढं रीगल चौराह्यावर ऐकू येऊ लागला.

आता मूळ मुद्दा. हे इसुझु इंजिन बनत कुठं होतं? काँटेसा जुळायची बंगालमध्ये, उत्तरपाड्याला. पण हिंदुस्थान मोटर्सचा या इंजिनांचा आणि गिअरबॉक्सचा कारखाना होता आपल्या पीथमपूरला. इंदूरपासून तासाभराच्या आत, राऊ-महू ओलांडलं की आलंच. इंजिन इथं बनायचं, बंगालला जायचं, तिथं त्याला गाडी मिळायची, आणि त्यातल्या काही गाड्या पुन्हा इंदूरला यायच्या. सासरी गेलेली मुलगी माहेरी यावी तशा.

पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. मागास भाग म्हणून सवलती देऊन सरकारनं तिथं उद्योग आणले आणि बघता बघता त्याला लोक 'भारताचं डेट्रॉइट' म्हणायला लागले. आयशरनं मित्सुबिशीचं तंत्र घेऊन १९८६ पासून कँटर ट्रक तिथं बनवायला घेतला. फिरोदियांची बजाज टेम्पो तिथं आली. आणि फिरोदियांचीच कायनेटिक होंडा तिथं उभी राहिली, १९८४ सालच्या होंडाबरोबरच्या करारातून. इसुझु, मित्सुबिशी, होंडा ही तीन जपानी नावं माळव्याच्या त्या काळ्या मातीत एकाच दशकात रुजली.

कायनेटिक होंडाला कोणी वेगवान गाडी म्हणणार नाही, पण तिच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील. ९८ सीसी, गिअर नाहीत, क्लच नाही, बटण दाबलं की सुरू. त्याआधी स्कूटर म्हणजे तिरकी करायची, चोक ओढायचा आणि किका मारत घाम गाळायचा. ही आली आणि आपल्या घरातल्या बायका साडी नेसून शाळेत, बँकेत, गाण्याच्या क्लासला स्वतः गाडी चालवत जाऊ लागल्या. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, टिळक नगर, कुठल्याही मराठी वस्तीत संध्याकाळी दोन-चार कायनेटिक होंडा एकमेकींना भेटायच्या. 'तुमची कितीचं अॅव्हरेज देते हो?' या प्रश्नानं सुरू झालेल्या कित्येक ओळखी पुढं भिशीपर्यंत आणि मुलांच्या लग्नांपर्यंत पोचल्या. गाडी बघून ओळख काढणं हे फक्त पोरांचं काम होतं असं समजू नका.

आमच्या रामबागेतल्या ओट्यावर आम्हा पोरांचा एक खेळ होता. संध्याकाळी रस्त्यावर नजर ठेवायची आणि वहीत लिहायचं: आज किती काँटेसा, किती ११८ एनई, किती जिप्सी. मारुती ८०० मोजायची नाही, ती फार झाली होती. काँटेसा आली की मागं पळून डिकीवर '१.८ जीएल' लिहिलंय का ते बघायचं. असलं तर दोन गुण, नसलं तर एक. शहरात ती गाडी असणारे मोजके. कापड बाजारातले शेठ, एखादे वकील, एखादे सर्जन. एका काँटेसावाल्यानं दुसऱ्याला बघून हॉर्न दिला की आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, जणू आमचीच गाडी.

त्याच गल्लीत एक काका राहायचे. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. पहाटे अंधारात कंपनीची बस पकडून ते पीथमपूरला जायचे, इंजिनाच्या कारखान्यात, तपासणीच्या कामावर. घरी सायकल आणि एक लूना. आयुष्यात त्यांनी मोटार घेतली नाही. पण काँटेसा रस्त्यावरून गेली की हातातला पेपर खाली यायचा. मान वर करत नसत, नुसता कान द्यायचे. मग म्हणायचे, "आमचं आहे." किंवा, "छे, जुनं आहे, टकटक ऐका." जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असायचा आणि लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडायचे, म्हणून ती टकटक. इसुझुचा कॅमशाफ्ट डोक्यावरच, त्यामुळे मधल्या दांड्या गेल्या, आवाज सलग झाला आणि इंजिन जास्त फेरे सहज घ्यायला लागलं. आम्ही मागं पळून पट्टी वाचेपर्यंत काकांचा निकाल लागलेला असायचा. वहीतल्या गुणांवर वाद झाला तर त्यांचा शब्द शेवटचा.

तेव्हा वाटायचं, काय कान आहे! आज त्याचा दुसरा अर्थ कळतो. मालक मालकाला ओळखतो, ते सोपं आहे. दोघांकडे चावी असते. पण ज्यानं ती वस्तू केली, त्याला ती रस्त्यावर भेटली तर त्यानं हात कोणाला करायचा? काच वर चढवलेली गाडी निघून जाते. आत बसलेल्याला माहीतही नसतं की ओट्यावर पेपर वाचणाऱ्या माणसानं या इंजिनाचं मोजमाप घेतलेलं असू शकतं.

असे काका एक नव्हते. तो काळ आठवा. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून आचके देत होत्या. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. तिथल्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं! ज्यांच्या घरी वडील किंवा आजोबा गिरणीत होते, त्यांच्यापैकी ज्या पोरांनी आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलं त्यांच्यासाठी पीथमपूरची बस हाच रस्ता होता. गिरणीचा भोंगा गेला आणि बसचा हॉर्न आला. काही कुटुंबं फिरोदियांच्या कंपन्यांमागोमाग पुण्याहूनही आली. त्यांचं आणि आपलं मराठी सुरुवातीला जुळेना. आपण म्हणायचो 'चौराह्यावर भेटू', ते म्हणायचे 'चौकात'. पण दोन-तीन गणपती झाल्यावर तेही शेव घालून पोहे खायला लागले.

गिरणीतल्या माणसाचं सूत बाजारात गेलं की हरवायचं. पीथमपूरच्या माणसाला मात्र आपलं काम रस्त्यावर चालताना दिसायचं, ऐकू यायचं. घरी येताना बसच्या खिडकीतून पोराला सांगता यायचं, 'ती बघ, ती आमच्याकडची.' कितीतरी घरांत मुलं इंजिनिअरिंगला गेली त्यामागं पगाराइतकंच हे 'ती बघ'ही होतं, असं मला वाटतं.

मग काळ पुढं सरकला. १९९८ मध्ये होंडा सिटी आली, त्याच वर्षी मित्सुबिशी लान्सर, पुढच्या वर्षी सुझुकी बलेनो. आता जपानला बॉनेटखाली लपायची गरज उरली नाही. २००० मध्ये सिटीत व्हीटेक इंजिन आलं, १५०० सीसीत १०६ अश्वशक्ती. व्हीटेकची युक्ती साध्या भाषेत सांगायची तर, गवई मध्य सप्तकात आहे तोवर श्वास एका मापाचा आणि तार सप्तकात गेला की दुसऱ्या. इंजिनाचे फेरे वाढले की व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, आणि आवाजाचा पोतच बदलतो. हा बदल ज्यानं ऐकलाय तो बायपासला दोन गाड्या पलीकडूनही सिटी ओळखतो. लान्सरचा मान वेगळा. तिची थोरली बहीण लान्सर इव्होल्यूशन, तिच्यावर फिनलंडचा टॉमी मॅकिनेन १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जागतिक रॅली विजेता झाला. आपल्याकडची लान्सर साधी, पण आडनाव तेच!

पोरांना खरं वेड असतं ते निस्सान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स ७ असल्या गाड्यांचं. जपानी कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी आपसात ठरवलं होतं की जाहिरातीत २८० अश्वशक्तीच्या वर आकडा सांगायचा नाही. २००४ पर्यंत तो संकेत पाळला गेला. खरी ताकद काही गाड्यांत जास्त असायची, सांगायचे मात्र २८०. आपल्या मराठी घरातल्या जुन्या संस्काराला शोभेल असं: असेल ते असो, बोलायचं बेतानं. पण तीन वर्षांहून जुनी गाडी परदेशातून आणायला आपल्या नियमांत सहजी वाट नाही, त्यामुळे त्या गाड्या इथं व्हिडिओ गेममध्ये आणि पोस्टरवरच भेटल्या. हातात आली ती काकाची सिटी, मामाची बलेनो. प्रेम त्यांच्यावरच बसलं.

दरम्यान जुनं एकेक मिटत गेलं. होंडा १९९८ मध्ये कायनेटिकमधून बाहेर पडली. २००८ मध्ये तो दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे गेला, आणि पीथमपुरात पुढं जावा मोटारसायकली बनू लागल्या. काँटेसा २००२ मध्ये थांबली. उत्तरपाड्याची अँबेसिडर २०१४ मध्ये. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीची नोंदणी पुढं चालू ठेवायची फी ६०० वरून ५००० रुपयांवर गेली. आता घराच्या पोर्चमध्ये कव्हरखाली उभी असलेली काँटेसा म्हणजे दर दिवाळीच्या साफसफाईत वादाचा विषय. ठेवायची की भंगारात द्यायची?

आणि त्याच पीथमपुरात २९ जून २०२१ रोजी नॅट्रॅक्सचा वेग-चाचणीचा ट्रॅक सुरू झाला. उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. लांबी ११.३ किलोमीटर, आशियातला सर्वांत लांब. वळणं अशी कललेली की गाडी भन्नाट वेगातही बाहेर फेकली जात नाही. म्हणजे वेगाची परीक्षा घ्यायची जागा आपल्या दारात आहे. रात्री बायपासवर ती परीक्षा देणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो, की बाळांनो, गाडी ओळखायला ताशी चाळीसही पुरतात. उलट कमी वेगातच नीट ओळखता येते, काकांना तर बसल्या जागी यायची.

या पोरांचं मला कौतुक वाटतं ते एका कारणासाठी. त्यांच्यातला कोणी काँटेसा १.८ वाचवायच्या मागं लागला की त्याला सुटे भाग मिळत नाहीत, आणि मग तो शोधत शोधत अशा एखाद्या निवृत्त माणसाच्या दारात पोचतो, ज्यानं हे इंजिन पीथमपुरात रोज उघडलेलं-मिटलेलं आहे. तो माणूस चष्मा लावतो, इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला नंबर बोटानं पुसतो आणि बोलायला लागतो. तिथं मालक आणि करणारा पहिल्यांदा समोरासमोर येतात. इंजिनावर नंबर असतो, नाव कोणाचंच नसतं. नाव सांगायला ती माणसं हयात आहेत तोवरच वेळ आहे. ऐंशीच्या दशकात पंचविशीत असलेले आज पासष्टीच्या पुढं गेलेत.

म्हणून विनंती. घरात कोणी पीथमपूरच्या बसनं कामाला जात असेल, इसुझुच्या इंजिनावर, कँटरवर, कायनेटिक होंडाच्या लाइनवर, तर त्यांना या रविवारी जवळ बसवा आणि विचारा. कुठलं खातं, कुठलं मशीन, बस कुठून मिळायची, जपानी साहेब आले की काय व्हायचं, पहिली बनलेली गाडी शहरात कुठं दिसली. जुनं ओळखपत्र, ड्रेसमधला एखादा फोटो असेल तर जपून ठेवा. आणि चार ओळी इथं लिहा. होळकरांच्या ड्यूसेनबर्गची नोंद जगानं ठेवलीय. पहाटेच्या बसची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे.